नागपूरला दाखवायचं वाळवंट

बातमीदाराकडे किस्से साचतात, कारण जे छापता येत नाही तेच लोक मन लावून करतात. अमेरिकेतल्या फीनिक्सच्या आमच्या मराठी मंडळींनी रानातल्या निवडुंगांना कॅमेरे बांधायला सुरुवात केल्यापासून तर माझ्याकडे ठेवायला जागा उरलेली नाही. समोर काही हललं की हा कॅमेरा आपोआप फोटो काढतो आणि फोनवर पाठवतो.

बाकीच्यांची ती हौस, मिलिंदची गरज. वडील गेल्यापासून आई नागपुरात एकटी. त्याला तिला इकडे आणायचंय आणि काकूंचा, म्हणजे त्याच्या आईचा, एकच प्रश्न, "त्या वाळवंटात आहे काय?" म्हणून फोटो थेट काकूंच्याही फोनवर जातील अशी सोय त्याने केली.

*

पहिल्या दिवशी भरपूर फोटो आले. सगळे एकाच झुडपाचे, वाऱ्याने हलणाऱ्या. चिप डिझाइन करणाऱ्या मिलिंदने कॅमेरा बरोब्बर झुडपासमोर बांधला होता. मला म्हणाला,

"काका, सेन्सरचा इश्यू आहे."

आमच्या पेपरात फोटोग्राफर असं बोलला असता, तर संपादकांनी त्याला राशिभविष्य लिहायला बसवलं असतं.

काकूंचा मेसेज आला, "झुडूप छान. पाणी घालत जा."

*

मग हॅवेलिनांचा कळप आला. दिसायला थेट रानडुक्कर. मिलिंदने लगेच फोन लावला. "आई, असलं काही नागपुरात बघायला मिळेल?"

"आपल्या गल्लीत रोज मिळतं. डुकरं बघायला विमानात कशाला बसू?"

*

सचिन मिलिंदच्याच ऑफिसातला. त्याला प्यूमाचा, म्हणजे इकडच्या डोंगरी सिंहाचा, फोटो हवा होता. सासूबाईंनी रत्नागिरीहून आणलेल्या सुकटाची पुरचुंडी त्याने कॅमेऱ्याखाली बांधली. मी भांडलो. "जनावरं बघायला जातोस की पंगत वाढायला? आयत्या खाण्याची चटक लागली की ती वस्तीत शिरतात. मग गोळी त्यांना घालतात, तुला नाही."

"काका, चिल. एकदाच."

प्यूमा आला नाही. कोल्ह्यासारखा दिसणारा कॉयोटी आला आणि सुकटासकट कॅमेराही घेऊन गेला. शेवटच्या फोटोत दोन दात आणि तिरकं आकाश. मंडळाच्या स्पर्धेत त्याला 'कलात्मक' म्हणून बक्षीस मिळालं. परीक्षक मी नव्हतो. बक्षीस सचिनने घेतलं, फोटो काढणाऱ्याला कोणी विचारलं नाही.

*

एकदा खरंच बॉबकॅट जातीची रानमांजर आली. ऐटीत, कॅमेऱ्यात बघत. मिलिंदने आनंदात ऑफिसभर पेढे वाटले.

काकू म्हणाल्या, "मांजर फार वाळलंय रे. तिकडे कोणी दूध घालत नाही का?"

*

पितृपक्षात वडिलांची तिथी आली. काकूंनी बजावलं होतं, "कावळा शिवल्याशिवाय मी जेवणार नाही. मला दिसलं पाहिजे."

मिलिंदने सकाळीच खडकावर पान वाढलं. खीर, वडे, सगळं. समोर कॅमेरा. सोबत मी होतो, आणि या वेळी भांडलो नाही. निवडुंगावर दोन डोमकावळे येऊन बसले ते बसलेच. मिलिंदने हात जोडले, "काव काव" करून झालं, पानापासून लांब जाऊन झालं. तिकडे नागपुरात रात्र झालेली. काकू दिवसभर उपाशी.

शेवटी त्याने इकडेतिकडे बघितलं, पानावरचा एक वडा उचलून तोंडात टाकला आणि स्पीकरवर फोन लावला.

"आई, शिवला कावळा. जेवून घे आता."

त्याचा वडा खातानाचा फोटो काकूंकडे आधीच पोचला होता.

"बघितलं," काकू म्हणाल्या. "ते होते तेव्हाही त्यांच्या पानातला पहिला वडा तूच उचलायचास. बसते मी जेवायला."