अक्षतांवर घातलेली गवसणी

तांदूळ आंबल्याचा वास मला अजून सोसत नाही. घरात कुणी शिळ्या भाताचं भांडं उघडलं तरी मी उठून बाहेर जातो. बायको म्हणते, ड्रायव्हराचं नाक फार नाजूक. नाक नाजूक नाही. त्या वासाला एक गोष्ट चिकटलेली आहे आणि तिची मला शिसारी आहे.

एकोणीसशे तीसनंतरची ती वर्षं. रत्नागिरीत एका वकिलांची मोटार मी चालवत होतो. मोटार काळी कुळकुळीत, आणि साहेबांचा तिच्यावर जेवढा जीव तेवढा घरातल्या कुणावर नव्हता. कचेरीत जाताना ते आधी बॉनेटमध्ये आपला चेहरा बघत, पगडी सारखी करत आणि मग आत बसत. मी दार धरून उभा असायचो आणि दुसरीकडे बघायचो. नोकरीवर ठेवताना त्यांनी सांगितलं होतं, "तुझ्या हातून रंगावर चरा पडला, की त्याच दिवशी गाठोडं उचलायचं." मी हो म्हटलं होतं. संगमेश्वराकडच्या आमच्या गावात मुलींना शाळा नव्हती. या नोकरीच्या भरवशावर मी बायकोला आणि मुलीला शहरात आणलं होतं, मुलीचं नाव शाळेत घातलं होतं. नोकरी गेली की शाळा गेली, एवढं साधं ते होतं.

मोटार उभी असायची अंगणात, उघड्यावर. तिच्यासाठी खोपी बांधायची चर्चा दर उन्हाळ्यात व्हायची आणि पावसाबरोबर वाहून जायची. म्हणून साहेबांनी मोटार झाकायला कापडी गवसणी शिवून घेतली. बंदरावर होड्यांची शिडं शिवणारा एक म्हातारा खारवी होता, त्याच्याकडून. जुन्या शिडाचं कापड, आतून मऊ धोतरांचं अस्तर. कापडातलं मीठ आणि वाळू जावी म्हणून त्याने ते कितीदा तरी विहिरीच्या गोड्या पाण्यात धुतलं होतं. द्यायला आला तेव्हा अस्तर स्वतःच्या गालावर घासून दाखवलं आणि म्हणाला, "माज्या गालाला लागत न्हाय, तर रंगाला काय लागंल?" उलटसुलट होऊ नये म्हणून आतल्या कडेला त्याने लाल दोरा घातला होता. कामात असा चोख माणूस मी दुसरा पाहिला नाही.

गवसणी घालायची माझीही एक रीत होती. आधी इंजिन गार होऊ द्यायचं. मग पाणी ओतून धूळ वाहू द्यायची; कोरड्या फडक्याने पुसायचं नाही, आमच्या रस्त्यांची तांबडी धूळ म्हणजे कानसच. मोटार सुकली की गवसणीची वळकटी टपावर ठेवायची आणि तिथून पुढे-मागे उलगडत आणायची. ओढायची कधी नाही, उचलून सोडायची. वाऱ्यावर फडफडू नये म्हणून खालून दोऱ्या बांधायच्या. एकट्याला अर्धा तास लागायचा, पण चरा नाही.

त्या दसऱ्याला साहेबांच्या आईंनी मोटारीची पूजा केली. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. बॉनेटवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक, त्यावर मूठमूठ अक्षता, झेंडूच्या माळा, वर नारळाचं पाणी. दुपारी आभाळ भरून आलं तसा मी बादली घेऊन पुढे झालो.

"हात लावू नकोस," मोठ्या बाई म्हणाल्या. "पूजा आजच्या आज मोडायची नसते."

साहेब ओटीवरून ओरडले, "बघतोस काय? गवसणी घाल."

"साहेब, वर अक्षता आहेत. रंगाला घासतील."

"अक्षता देवाच्या आहेत, काचेच्या नव्हेत."

ओटीवरचे पाहुणे हसले. मीही हसलो, आणि गवसणी घातली. काय होणार ते मला पक्कं ठाऊक होतं.

पाऊस चार दिवस हटला नाही. वाऱ्याने एका बाजूच्या दोऱ्या सुटल्या आणि गवसणी रात्रंदिवस बॉनेटवर आपटत राहिली. पाचव्या दिवशी ती उचलली आणि मला ओकारी आली. तांदूळ फुगून आंबले होते, झेंडूचा काळा चिखल झाला होता, त्यात मुंग्या आणि उंदराच्या लेंड्या. पूजा न मोडल्याचं हे पुण्य! हातांनी ती घाण काढली आणि बॉनेट धुतलं. खाली चरेच चरे, आणि स्वस्तिकाचा तांबूस डाग रंगात मुरलेला.

साहेब आले. चरे बघून त्यांचा आवाज चढला. "कुणाचं काम हे?"

मोठ्या बाई दारात उभ्या होत्या. त्या माळ ओढत राहिल्या. माझ्या डोळ्यांसमोर मुलीची पाटी आली, आणि मी म्हणालो, "गवसणीत वाळू असेल, साहेब."

साहेबांना तेच हवं होतं. आईला दोष देता येत नाही, स्वतःला द्यायचा नाही; मग चोर सोडून संन्याशाला सुळी. म्हाताऱ्याला बोलावणं गेलं. साहेबांनी अंगणात चार लोकांसमोर त्याला चोर म्हटलं, भामटा म्हटलं. त्याने ऐकून घेतलं. मग कोपऱ्यात पडलेली गवसणी उचलून अस्तर वर करून पसरली. अस्तरावर कुंकवाचा मोठा डाग होता, शिवणीत फुगलेले तांदूळ होते आणि तो वास. सगळ्यांनी पाहिलं. एकाने उपरणं नाकाला लावलं.

"वाळू न्हाय ही, सायेब," म्हातारा म्हणाला. "अक्षता हत."

"देवाच्या पूजेला नावं ठेवतोस?" साहेब गरजले.

म्हातारा माझ्याकडे वळला. त्या अंगणात खरं काय ते जाणणारा आणि त्याच्यासारखाच हाताचं काम करणारा मीच होतो. तो अगदी शांतपणे म्हणाला, "ड्रायवर, तुमी सांगा. मी दिली तवा वाळू व्हती हिच्यात?"

"होती," मी म्हणालो.

गवसणी तिथेच टाकून तो निघून गेला. बंदरावर माझं जाणं त्यानंतरही व्हायचं, पण जिथे खारवी शिडं शिवत बसायचे त्या बाजूने मी कधी गेलो नाही.

नोकरी टिकली. मुलगी पुढे सातवीची फायनल पास झाली, मास्तरीण झाली. मी तिला खोटं बोलू नये असं शिकवलं, असं ती चारचौघांत सांगते, आणि मी ऐकून घेतो.