लुगड्यांचा समुद्र

बायको जाऊन वर्ष होत आलं, तेव्हा मुलीनं त्या जुन्या सिनेमाची सीडी आणली. आम्ही राहतो तमिळ मुलखात; पेरुंगुडीला तिचं ऑफिस, तिथनं येताना घेतली. म्हणाली, "अप्पा, आईचा समुद्र." मी म्हटलं, "ठेव तिकडं."

तीस वर्षं मी तो सिनेमा बघितला नव्हता. कारण शेजारी. एक तमिळ माणूस, स्टुडिओत देखावे करायचा. वादळ, धूर, उडते घोडे, सगळं हातानं. मी रेल्वेच्या कारखान्यात फिटर, चौथी शिकलेला. माझं काम बघायला कोण येतंय? बायको मात्र त्याचंच गायची. "अहो, त्यांनी पंख्यापुढं पिठाची चाळण धरून धुकं केलं!"

"मग भाकरी पण त्याचीच थाप," मी म्हणायचो.

पोरांच्या त्या सिनेमासाठी त्याला समुद्र पाहिजे होता. साधं कापड हलवलं की झेंड्यासारखं फडफडायचं. बायको त्याला म्हणाली, गोधडी शिवून बघू, जड होईल. दोन महिने आमच्या दारात समुद्र पसरलेला. जुनी निळी लुगडी संपली, तर हिनं लग्नातलं लुगडं फाडून त्यात घातलं. विचारलंसुद्धा नाही. माझं पित्त खवळलं. सिनेमा लागला तेव्हा म्हणाली, "सुटलात की थेट थेटरात या. दोन तिकिटं काढलीत." मी मुद्दाम ओव्हरटाइम केला. माझ्या खुर्चीवर तोच बसला असणार, हे डोक्यात बसलं ते बसलं.

एका दुपारी घरात कोण नव्हतं, तेव्हा सीडी लावली. चुका काढायलाच बसलो. घोड्याची तार दिसली, बरं वाटलं. मग राक्षसाचा हात आला. एकेक बोट वेगळं मिटत होतं. प्रत्येक बोटाला आतनं वेगळी दोरी घेतलेली असणार. माझ्यातला फिटर गप्प झाला.

आणि समुद्र. लाट संथ उठायची, आपल्याच वजनानं दुमडून पडायची. गोधडीखाली माणसं वाकून पळत असतील, एकाचंही डोकं दिसत नव्हतं. नाव जवळ आली तेव्हा हिचा धावदोरा दिसला, कडेपासून आत आत फिरत गेलेला. मधोमध लग्नातलं लुगडं. काठ उलटा लावलेला, तरी ओळखलं. तिथंच थांबवलं.

तो आता शहरातच अड्यारला मुलाकडे असतो. बायकोच्या तेराव्याला आला होता, मी 'बसा' म्हटलं नव्हतं. फोन लावला.

"तुझा सिनेमा बघितला. काम चांगलंय."

"समुद्र अक्कांचा, सार," तो त्याच्या तमिळमध्ये म्हणाला. "मी नुसता हलवला."

"त्या दिवशी थेटरात तिच्याशेजारी तूच होतास ना?"

"मी? मी दारापाशी उभा होतो, लोक काय म्हणतात ऐकायला. शेजारच्या खुर्चीवर अक्कांनी पिशवी ठेवलेली. एक जण बसायला आला, तर त्याच्याशी भांडल्या. म्हणाल्या, माझा माणूस येतोय. पडदा बंद होईस्तोवर पिशवी उचलली नाही."

"मग हे आजवर बोलला का नाहीस?"

"तुम्ही कधी बोलू दिलंत, सार?"

मी फोन ठेवला. जळणं गेलं म्हणू? नाही गेलं, उलट वाढलं. माझी बायको माझ्यासाठी भांडली, आणि ते बघितलं त्यानं. समुद्र हवं तर त्याचा म्हणा. ते भांडण तेवढं मला बघायला मिळायला पाहिजे होतं.