पत्त्यांची वही

संसदेची समिती ऑनलाइन बाजारवाल्या कंपन्यांच्या साहेबांना बोलावून जाब विचारणार होती. लोकांकडून प्रश्न मागवले होते. ह्यांनी लगेच कागद घेतला आणि वर लिहिलं, ‘बाजारातील वर्चस्वाचा गैरवापर’. बँकेतून निवृत्त झाले तरी सवय जाते का? मी म्हटलं, "धंदा माझा बुडालाय ना? मग प्रश्नही माझेच जाऊ देत."

ह्यांच्या बदलीमुळे आम्ही जयपूरला आलो आणि विद्याधर नगरातच राहून गेलो. इथे गोडा मसाला मिळेना, म्हणून मी घरी करायला लागले. लष्कराच्या छावणीतल्या मराठी बायका हौसेने न्यायच्या. त्यांचं सगळं विंचवाचं बिऱ्हाड, म्हणून मी एक वही केली होती. जिची बदली होईल तिचा नवा पत्ता त्यात उतरायचा आणि मसाला तिच्या मागोमाग लेहला, नाहीतर जोरहाटला जायचा.

मग मी त्या ऑनलाइन बाजारात दुकान मांडलं. काय सोपं झालं म्हणून सांगू! डब्यावर नुसत्या काळ्या रेघांची चिठ्ठी चिकटवायची, त्यांचा माणूस येऊन न्यायचा. गिऱ्हाइकाने एकदा नोंदवून ठेवलं की दर महिन्याला डबा आपोआप जायचा. कोणाकडे जातोय ते मला कळायचं नाही, आणि मीही कधी विचारलं नाही. वर्षभरात वही रद्दीवाल्या भैयाला देऊन टाकली. हे म्हणाले होते, राहू दे. मी म्हटलं, पसारा नुसता.

दुकानाच्या फॉर्मात मसाल्यात काय काय आहे ते विचारलं होतं. शहाणी बाई ‘खडा मसाला’ लिहून मोकळी झाली असती. मला मेलीला कौतुक! दगडफूल, नागकेशर, खोबरं, तीळ, सगळं प्रमाणासकट भरलं. पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच.

दिवाळीनंतर त्या कंपनीने स्वतःचाच गोडा मसाला काढला. शोधलं की पहिला तोच. माझा खाली खाली गेला, आणि एक दिवस त्यावर ‘उपलब्ध नाही’ आलं. तक्रार केली की यंत्र उत्तर द्यायचं, बोलायला माणूस नाहीच. माझंच बघून त्यांनी केला, हे मला सिद्ध करता येत नाही. पण राग येतो, आणि रडूही येतं.

म्हणून ह्यांना लिहायला सांगितलं. "विचारा त्यांना, बाजारही तुमचा आणि त्यात गाळाही तुमचाच, मग वर कोण बसणार ते कोण ठरवतं? माझं प्रमाण तुमच्यात कोणी वाचलं? आणि माझी गिऱ्हाइकं मला परत कधी देणार?"

ह्यांचं लिहून होतंय तोवर फोन वाजला. पूर्वी छावणीत असलेली एक मुलगी, आता कुठेतरी आसामात. बऱ्याच दिवसांनी आठवण काढली होती.

"काकू, नवा डबा छान आहे हं. आमटीला मात्र तीच चव."

चार महिन्यांत मी एकही डबा पाठवला नव्हता. तिला तसं सांगायला तोंड उघडलं, पण आधी लिहून घ्यायला घाईघाईने कॅलेंडर ओढलं आणि म्हटलं, "तुझा पत्ता सांग बरं."

"पत्ता?" ती हसली. "मतलब, तुमच्याकडे आहेच की, काकू. दर महिन्याला डबा येतो ना."