युडोरा मिस आणि धोबिणींचा उतारा

बेटावरच्या सांग्रे ग्रांदे गावात, बाजारामागच्या समाजकेंद्रात युडोरा क्वामिना यांचा इंग्रजीचा वर्ग संध्याकाळी भरायचा. त्याची सुरुवात प्रार्थनेने नव्हे, भांडणाने व्हायची. मिस दोघांना उभं करायच्या आणि म्हणायच्या, "हं, होऊ द्या." मग ते दोघं एकमेकांची पिकाँग करायचे, म्हणजे हसतमुखाने, गोड बोलून समोरच्याची सालं काढायचे. जो चिडला तो हरला, हा त्यातला एकमेव नियम. ग्रांदेतलं पाळण्यातलं पोरही तो जाणतं. भांडण संपलं की बाकीच्यांनी सांगायचं, कोण काय बोललं आणि त्याला खरं काय म्हणायचं होतं.

त्या मंगळवारी डिओनरीन सुकू उभा राहिला. दिवसभर मॅक्सी-टॅक्सी, म्हणजे प्रवाशांची छोटी बस, चालवून, हातावर डबल्सचं, म्हणजे चणे भरलेल्या पुऱ्यांचं, तिखट तेल घेऊनच तो वर्गात यायचा. समोर होती इग्नेशिया फिलिप. वयाने वर्गात सगळ्यांत मोठी, म्हणून सगळे तिला टँटी, म्हणजे मावशी, म्हणायचे.

"टँटी, आज काय सुंदर दिसतेयस गं! फ्रॉक आईचा का आजीचा?"

"तुझ्याच गाडीच्या सीटचा कपडा आहे रे, बाळा. अर्धा तू बसून फाडलास, उरलेल्यात मी भागवलं."

बाकांवर हसण्याची लाट उसळली. मिसनी टेबलावर डस्टर आपटला.

"ही ‘बाळा’ म्हणाली. प्रेमाने?"

"नाही, मिस!"

"मग कशाला?"

"त्याला लहान करायला."

"आणि हा ‘सुंदर’ म्हणाला ते?"

"तो नुसता खड्डा खणत होता, मिस. टँटीला ढकलायला."

"बस. यालाच म्हणतात लेखकाचा सूर," मिस म्हणाल्या. "शब्द डोळ्यांनी वाचायचे. पण ते कोण म्हणतोय, कुणाकडे बघून म्हणतोय आणि किती उंचावर उभा राहून म्हणतोय, हे कानाने ऐकायचं. बाहेर रस्त्यावर तुम्हाला हे बरोब्बर कळतं. कागद समोर आला की तुम्ही बहिरे का होता, तेवढं मला सांगा."

शाळेत इंग्रजीत नापास होऊन बाहेर पडलेली, आता पोरंबाळं असलेली ही माणसं. त्यांना ‘तुम्ही ढ आहात’ असं आजवर पुष्कळांनी सांगितलं होतं. ‘तुम्ही बहिरे आहात’ हे नवीन होतं, आणि यावर इलाज होता. म्हणून ते येत राहिले.

इग्नेशिया मोठ्या रुग्णालयाच्या धुलाईघरात चादरी धुवायची. त्या वाफेत निम्मं आयुष्य गेल्यावर आता तिला वरच्या मजल्यावर जायचं होतं, सहायक परिचारिका व्हायचं होतं. त्या अभ्यासक्रमाला इंग्रजीचं प्रमाणपत्र लागतं. केंद्राचा नियम असा की सराव परीक्षेत जो पास होईल, त्याचंच नाव खऱ्या परीक्षेला पुढे पाठवायचं. यंदा नाव गेलं नाही तर पुढच्या वर्षी वयाची अट आडवी येणार होती. तिने हे एकदाच सांगितलं होतं, तेही हसत. मिसनी ते हसणंही कानाने ऐकलं होतं.

सराव परीक्षेचा पेपर जिल्ह्याच्या कार्यालयातून आला. त्यात आकलनाचा एक उतारा होता, दीडशे वर्षांपूर्वी बेटावर फिरून गेलेल्या कुणा साहेबाने लिहिलेला. साहेब लिहितो:

‘नदीकाठच्या या धोबिणी म्हणजे निसर्गाची आनंदी लेकरं. अंगावर धड वस्त्र नाही, पोटाला धड अन्न नाही, तरी दिवसभर दगडावर कपडे आपटताना त्यांचं गाणं थांबत नाही. उद्याची चिंता या भोळ्या जिवांना शिवतसुद्धा नाही. एखादी रंगीत चिंधी हाती पडली की त्या खूश! आपण शहाणी माणसं त्यांच्याकडून किती तरी शिकू शकतो.’

खाली प्रश्न. धोबिणींकडे पाहण्याचा लेखकाचा दृष्टिकोन कोणता? (अ) रागाचा. (ब) स्नेहाचा. (क) तुच्छतेचा. (ड) तटस्थ.

सगळ्या वर्गाने, एकजात, ‘क’ लिहिलं. पेपर तपासताना मिसचा ऊर भरून आला. मग त्यांनी कार्यालयाची उत्तरपत्रिका उघडली. तिथे ‘ब’ होतं.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. ‘ब’ तिथेच होतं.

आता युडोरा मिसची आजी, मा क्लेमान्स, हीच मुळी धोबीण. ओरोपूश नदीच्या दगडांवर कोकोच्या मळेवाल्यांचे कपडे आपटण्यात तिचा जन्म गेला. लहानगी युडोरा खळीचं भांडं डोक्यावर घेऊन तिच्यामागे जायची. धोबिणी गायच्या हे साहेबाने लिहिलं ते खरंच होतं. दिवसभर गायच्या. फक्त गायच्या पात्वा बोलीत, आणि गाण्यात असायची मळेवाल्याची बायको. तिचे किती परकर, त्यांतले किती फाटके, फाटके ते कसे आणि कुणाच्या घाईने! एकीने कडवं टाकायचं, दुसरीने उचलायचं, आणि धबाधब कपडे आपटत सगळ्यांनी धृपद धरायचं. मळेवालीण घोड्यावरून जाताना थांबायची, हात हलवायची आणि म्हणायची, "किती गोड गाता गं!" मग मा क्लेमान्स वाकून नमस्कार करायची आणि त्यातच पुढचं कडवं जुळवायची. नातीला ती म्हणायची, "बघ, तिला वाटतं आपण खूश आहोत. वाटू दे. चिडायचं नाही. चिडलं की हरलं."

म्हणजे ज्याला समोरच्या गाण्याचा सूर कळला नाही, त्याच्या लिहिण्याचा सूर आता कार्यालयाला कळत नव्हता. आणि या दोन बहिऱ्यांच्या मध्ये इग्नेशियाचं प्रमाणपत्र अडकलं होतं, कारण तिची पास-नापासची रेघ नेमकी या एका प्रश्नावर येऊन टेकली होती. ‘ब’ धरलं तर ती नापास.

मिसनी प्रत्येक पेपरावर ‘क’पुढे बरोबरची खूण केली, इतकी जोरात की कागद फाटता फाटता राहिला. आणि गठ्ठा कार्यालयाकडे पाठवून दिला.

दोन दिवसांत कार्यालयाचे पर्यवेक्षक ऑस्बर्ट लेझामा तोच गठ्ठा काखेत मारून हजर. माणूस वाईट नव्हता. कपडे झकपक, पिवळाधमक टाय, डोक्यावर केसांचा दुष्काळ, तोंडात सतत शीळ.

"मिस क्वामिना, चूक झालीय तुमची."

"कुठली?"

"सगळ्या वर्गाची एकच चूक आणि तुम्ही तिला बरोबर दिलंय."

"सगळ्या वर्गाचं एकच उत्तर बरोबर आहे, आणि तुमची उत्तरपत्रिका चूक आहे."

लेझामांनी शीळ थांबवली. "अहो, स्पष्ट लिहिलंय की त्याने, आपण त्यांच्याकडून शिकू शकतो. कौतुकच आहे हे."

"सर, जो माझ्याकडून शिकणार, तो आधी मला नाव विचारेल. याने एका बाईचं नाव विचारलं? गाण्याचा अर्थ विचारला? पोटाला अन्न का नाही, हे विचारलं? उपाशी बाईला आनंदी लेकरू म्हणायचं, म्हणजे तिला जेवायला घालायची भानगडच नको. याला तुमच्या घरात स्नेह म्हणतात का?"

"तुमची आजी धोबीण होती हे सगळ्या ग्रांदेला माहीत आहे. तिचा राग परीक्षेत आणू नका."

"आजीचा राग मी आणलेला नाही. माझ्या आजीला परीक्षेत तुम्ही आणलंय."

लेझामांनी सुस्कारा टाकला. त्यांच्या हातात तरी काय होतं? उत्तरपत्रिका वरून आली होती. "हे बघा. गुरुवारी मी येतो. तोवर तुम्ही लाल पेनाने दुरुस्ती करून ठेवा. नाही केली तर मी वर्गासमोर करीन, आणि हा वर्ग दुसऱ्या कुणाकडे देईन. वाईट वाटून घेऊ नका."

"नाही, नाही," मिस म्हणाल्या. "वाईट कसलं वाटायचंय!" आणि इतक्या गोड हसल्या की लेझामांच्या जागी ग्रांदेचा दुसरा कुणी असता तर तिथेच सावध झाला असता. लेझामाही मूळचे ग्रांदेचेच, पण बरीच वर्षं राजधानीतल्या कचेरीत राहिले होते, आणि कचेरीत माणसाचा कान जातो.

गुरुवारी वर्ग गच्च भरला. लाल पेन खिशाला लावून लेझामा टेबलाशी बसले. इग्नेशिया धुलाईघरातून तशीच आली होती, हात सुरकुतलेले. ती पेनाकडे बघत होती.

"सर, दुरुस्तीच्या आधी मुलांना एक सरावाचा उतारा देते," मिस म्हणाल्या. "छोटासा आहे. चालेल ना?"

"अवश्य, अवश्य."

मिस फळ्याशी उभ्या राहिल्या आणि संथपणे, एकेक शब्द सुटा करून वाचू लागल्या.

"‘जिल्हा कचेरीतले आमचे पर्यवेक्षक म्हणजे सरकारचं आनंदी लेकरू. डोक्यावर धड केस नाहीत, हाती धड अधिकार नाही, तरी दिवसभर कागदावर शिक्के आपटताना त्यांची शीळ थांबत नाही. कागदावर काय लिहिलंय याची चिंता या भोळ्या जिवाला शिवतसुद्धा नाही. एखादा रंगीत टाय हाती पडला की ते खूश! आपण शहाणी माणसं त्यांच्याकडून किती तरी शिकू शकतो.’"

कुणीही हसलं नाही. ते फार अवघड होतं. डिओनरीनने स्वतःची मूठ चावली.

"प्रश्न," मिस म्हणाल्या. "पर्यवेक्षकांकडे पाहण्याचा लेखिकेचा दृष्टिकोन कोणता? पर्याय तेच. सर, तुम्हीच सांगता का?"

लेझामा ताडकन उठले. मान टायच्या गाठीपर्यंत लाल झाली होती. "हा अपमान आहे! तुम्ही मला भर वर्गात तुच्छ लेखताय!"

"म्हणजे ‘क’ का, सर?" इग्नेशियाने विचारलं. तिने अगदी अदबीने विचारलं, आणि मग मात्र वर्गाचा बांध फुटला. बाक हलले, कुणाची मॉबी सरबताची बाटली गडगडत दारापर्यंत गेली.

"मी तक्रार करीन, मिस क्वामिना! लेखी!"

"करा की. करायलाच हवी," मिस म्हणाल्या. आता त्यांच्या आवाजातला गोडवा गेला होता आणि राहिलं होतं नुसतं पोलाद. "फक्त तक्रारीत लिहावं लागेल की माझा उतारा तुच्छतेचा आहे. आणि सोबत दोन्ही उतारे जोडावे लागतील, शेजारी शेजारी. वरचे साहेब विचारतील, लेझामा, तुमच्यावर लिहिलं तर तुच्छता आणि धोबिणींवर लिहिलं तर स्नेह, हा काय प्रकार? तेव्हा काय सांगणार आहात, तेवढं आत्ताच ठरवून ठेवा. नाही तर लाल पेन काढा आणि या इग्नेशियाच्या डोळ्यांत बघून तिचं उत्तर खोडा. मी तुमच्यामध्ये येणार नाही. पण मी स्वतः ते खोडणार नाही. वर्ग काढून घ्या, मी माझ्या ओसरीवर घेईन. बाकं हीच माणसं डोक्यावर घेऊन येतील."

"येऊ, मिस!" मागून आवाज आले. "माझ्या मॅक्सीत घालून!" डिओनरीन म्हणाला.

लेझामा उभेच होते. पिकाँगमध्ये चिडलेल्या माणसाकडे ग्रांदेची माणसं ज्या नजरेने बघतात, त्याच नजरेने सगळा वर्ग त्यांच्याकडे बघत होता. ती नजर त्यांना लहानपणापासून माहीत असणार, कारण हळूहळू त्यांच्या मानेवरचा लाल रंग उतरला. ते खाली बसले. त्यांनी इग्नेशियाचा पेपर ओढला, धोबिणींचा उतारा परत वाचला, ओठ हलवत, अगदी शेवटपर्यंत. मग पेन काढलं आणि मिसच्या बरोबरच्या खुणेखाली सही केली. मग दुसऱ्या पेपरावर. मग सगळ्यांवर.

"टाय बायकोने दिलाय," उठताना ते म्हणाले. "तिच्या कानावर हे जाऊ देऊ नका."

"तो टाय बघून तिला तुमच्याबद्दल काय वाटतं ते आम्हाला कळलंच, सर," इग्नेशिया म्हणाली. या वेळी लेझामाही हसले, थोडे उशिरा, पण हसले.

दाराशी ते वळले. "पण एक सांगतो. खरी परीक्षा माझ्या हातात नाही. तिथे असा उतारा आला तर उत्तरपत्रिकेत ‘ब’च असेल."

हसणं थांबलं. हे खरं होतं आणि सगळ्यांना कळत होतं. ते गेल्यावर इग्नेशियाने विचारलं, "मग मी काय लिहू, मिस?"

‘क’ लिही म्हणणं सोपं होतं, पण मार्क गेला तर वाफेत परत जावं लागणार होतं ते इग्नेशियाला. "तिथे ‘ब’ लिहिलंस तर मी तुला बोल लावणार नाही," मिस शेवटी म्हणाल्या. "फक्त लिहिताना तुला माहीत असू दे, की तू खोटं लिहितेयस आणि कुणासाठी लिहितेयस."

"मिस, मी धुलाईघरात दिवसभर गाते," इग्नेशिया म्हणाली. "आमची मेट्रन वरून डोकावते आणि म्हणते, इग्नेशिया किती आनंदी बाई आहे!"

"आणि काय गातेस?"

"मेट्रनलाच."

युडोरा मिस मटकन खुर्चीत बसल्या. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्या हसत होत्या का रडत होत्या, हे कळायला वर्गाला अजिबात वेळ लागला नाही.

"मी ‘क’च लिहिणार," इग्नेशिया म्हणाली. "तो एक मार्क मी दुसरीकडून काढते. निबंधातून काढते. काढीन की नाही ते बघाच तुम्ही."

"मग म्हणून दाखव," मिस डोळे पुसत म्हणाल्या. "मेट्रनचं गाणं."

इग्नेशियाने सूर लावला. डिओनरीनने बाकावर ताल धरला, आणि दुसऱ्याच कडव्याला सगळा वर्ग धृपद उचलू लागला. खाली जिन्यात मिस्टर लेझामा टायची गाठ सैल करत होते. गाणं ऐकून ते थांबले. पुढचं कडवं कुणावर असणार, हे त्यांना बरोबर कळलं, आणि ते भराभर पायऱ्या उतरू लागले.