मोजणीबाईचा शब्द

तिला सगळी वस्ती मोजणीबाई म्हणायची. खरं तर ती दवाखान्यात फरशी पुसायची. पण अक्षर मोत्यासारखं आणि तोंडाला कुलूप, त्यामुळे पाहणी निघाली तेव्हा भरून आलेले फॉर्म वाचून मोजायचं काम तिच्याच गळ्यात पडलं.

ही पाहणी वस्तीने स्वतः काढलेली, हे आधी सांगायला हवं. त्यापूर्वी बाहेरचे लोक येऊन गेले होते. इथले मूळचे लोक लवकर का मरतात ते शोधायला म्हणे. रक्त नेलं, फोटो नेले आणि वर्षभराने कोणाला कोणता रोग ते नावानिशी छापून मोकळे झाले. एका पोरीचं ठरलेलं लग्न मोडलं. औषधाची एक गोळी मात्र कोणाच्या हातावर पडली नाही. मग बायकाच म्हणाल्या, आपलं दुखणं आपणच विचारू, आपणच लिहू, उपायही आपणच ठरवू. शाळेच्या वर्गात बसून, भांडून भांडून त्यांनी पंचेचाळीस प्रश्न काढले.

नियम मोजणीबाईने घालून दिला. फॉर्मवर नाव नाही, फक्त आकडा. दुखणं मोठं वाटलं तर घरोघर फिरून विचारणारीने दवाखान्याची चिठ्ठी द्यायची. जायचं की नाही ते जिचं तिने ठरवायचं. वाचणारीने फॉर्म कोणाचा ते ओळखलं तरी चकार शब्द काढायचा नाही. "घरचं असो नाहीतर दारचं," ती सभेत म्हणाली, "कागदावरचं कागदावरच राहील. माझा शब्द आहे." त्या शब्दावर दोनशे घरांनी दारं उघडली.

आणि नेमका तिच्याच हातात तो फॉर्म आला. जुन्या दुखापतींच्या रकान्यात लिहिलं होतं, उजव्या हाताची दोन बोटं लहानपणी इस्त्रीने भाजली. ती इस्त्री तेव्हा मोजणीबाईच्याच हातात होती. फॉर्म धाकटीचा होता, आई गेल्यावर जिला तिने न्हाऊमाखू घालून वाढवलं त्या बहिणीचा. शेवटचा प्रश्न होता, अजून कोणालाच सांगितलं नाही असं काही आहे का? उत्तर होतं, चार महिने सारखं अंगावरून जातं. शिवायला बसते तेव्हा खाली जुनी चादर घालते.

दवाखान्यात बारा वर्षं काढलेल्या बाईला याचा अर्थ कोणी समजावून सांगायला नको होता.

दुसऱ्या दिवसापासून ती रोज धाकटीकडे जाऊ लागली. कधी उसवलेली बाही घेऊन, कधी उगीच. धाकटीची सासू तिथेच खाटेवर गुडघे चोळत बसलेली असायची.

"चेहरा उतरलाय गं तुझा," मोजणीबाई म्हणायची.

"काम फार आहे, ताई," म्हणून धाकटी मान खाली घालून मशीन चालवायची.

"हिला बहीण म्हणजे अजून कुकुलं बाळच," सासू म्हणायची, आणि तिघी हसायच्या.

"एकदा दवाखान्यात ये, नुसतं वजन करून जा," असं आडून आडून किती वेळा म्हणणार? अगं बाई, हाताला धरून ने की तिला! पण स्वतःच्याच बहिणीपाशी शब्द मोडला, तर दोनशे घरांची दारं परत लागली असती. तिचा जीव तुटायचा आणि जीभ रेटायची नाही. असे सात आठवडे गेले.

मग धाकटी मशीनवरच कोसळली. मोठ्या हॉस्पिटलात नेलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मोजणीबाईला बाजूला घेतलं. गर्भाशयाचा कॅन्सर, सगळीकडे पसरलेला. दोन महिने आधी आणलं असतं तर काहीतरी करता आलं असतं, म्हणाल्या.

संध्याकाळी खोलीत दोघीच होत्या. मोजणीबाईला राहवेना. "मला का नाही सांगितलंस गं?"

"सांगितलं की, ताई," धाकटी म्हणाली. "विचारणारी मला मागच्या दारी घेऊन बसली म्हणून तेवढं तरी बोलता आलं. सासूबाईंसमोर कसं बोलणार? चिठ्ठी मिळाली, पण एकटीने जायचा धीर झाला नाही. म्हटलं, फॉर्म तर तूच वाचतेस, बोटांवरून ओळखशील. तू रोज यायचीस तेव्हा वाटायचं, आज विचारशील." तिने चादरीची चुणी सरळ केली. "मग वाटलं, तू वाचलाच नसशील."

"वाचला होता," मोजणीबाई म्हणाली.

धाकटी तिच्याकडे बघत राहिली. मग "बरं" म्हणाली आणि भिंतीकडे वळली. नवव्या दिवशी ती गेली.

महिन्याभराने सभा भरली. शाळेतल्या गुरुजींनी सगळ्यांदेखत सांगितलं, दोनशे घरांतलं एक अक्षर बाहेर फुटलं नाही, शब्दाला जागावं तर मोजणीबाईसारखं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. ती खाली बघत उभी राहिली आणि सेहेचाळिसावा प्रश्न वाढवा म्हणाली, "हे तुमच्यासाठी आम्ही कोणाला सांगू का? कोणाला?" कोणी हरकत घेतली नाही.

पुढच्या गठ्ठ्यात त्या प्रश्नाला एकतीस बायकांनी हो म्हटलं होतं. मोजणी तिनेच केली. दोघींनी आईला सांगा म्हटलं होतं, पाच जणींनी नवऱ्याला, काहींनी आणखी कोणाकोणाला. अकरा जणींनी म्हटलं होतं, माझ्या ताईला सांगा.