हाडांमधली बेटं

त्या हिवाळ्यात बायकोचं हिमोग्लोबिन आठच्या आसपास घुटमळत होतं. जिना चढताना तिला धाप लागे, म्हणून तिचं अंथरूण खालच्या गेस्ट रूममध्ये हलवलं. डब्लिनमधल्या आमच्या घरात झोपायच्या खोल्या वर आहेत. "स्वतःच्याच घरी पाहुणी आल्यासारखं वाटतं," ती म्हणायची. तिला फक्त वर जायचं होतं, आपल्या खोलीत.

मी हिशेबी माणूस. कमी आहे तर भर घालायची, असं सरळ गणित मांडलं. पुण्याहून आणलेली लोखंडी कढई गराजमधून काढली आणि पोह्यांपासून पालकापर्यंत सगळं तिच्यात करू लागलो. वर आळिवाचे लाडू.

"हे पोहे काळे का झालेत?" बायकोने विचारलं.

"लिंबू पिळलं ना. आयर्न आहे ते."

"मग त्यांनाच पाठव जिना चढून. मी बसते इथे."

तिच्या बहिणीची मुलगी इथल्याच एका युनिव्हर्सिटीत रक्तपेशींवर पीएचडी करते. रविवारी ती जेवायला आली आणि कढई बघून हसली.

"काका, मावशीचं फेरिटिन बघितलंत? साठवलेल्या लोहाचं माप असतं ते. साठा भरपूर आहे."

तो आकडा मी पाहिला होता. जास्त दिसला म्हणून समाधान मानलं होतं.

"मग अडतंय कुठे?"

तिने फोनवर एक चित्र दाखवलं. मधे एक मोठी, ऐसपैस पेशी आणि तिला बिलगून लहान गोल पेशींचं कडं. हाडांच्या मगजात अशी असंख्य बेटं असतात, ती म्हणाली. लहान पेशी तिथे वाढतात, लाल होतात, शेवटी आपलं केंद्रक बाहेर टाकतात. मधली ते गिळून टाकते आणि जागा स्वच्छ ठेवते. म्हाताऱ्या रक्तपेशींमधलं लोह काढून परत वापरात आणणं हेही याच जातीच्या पेशींचं काम.

"पण अंगात सूज असली की त्या लोह धरून ठेवतात. मावशीच्या सांध्यांना सूज आहे ना, म्हणून."

"म्हणजे माझ्या आत कंजूष बायका बसल्यात," बायको सोफ्यावरून म्हणाली.

"कंजूष नाही गं, घाबरलेल्या. त्यांना वाटतं जंतू आलेत. जंतूंनाही लोह लागतं, म्हणून कुलूप लावून बसतात."

पुढच्या भेटीत डॉक्टरबाईंनी तेच सांगितलं आणि सांध्यांचं औषध बदललं. लाडू मीच संपवले.

मग नुसती वाट पाहणं उरलं. दुपारी ती झोपली की मी शेजारच्या खुर्चीत लॅपटॉप उघडून बसे. बाहेर बर्फ पडे, इतका सावकाश की तो वर चाललाय की खाली ते कळत नसे. काम बाजूला राहून माझी नजर तिच्या रजईवर, रजईखालच्या कमरेच्या हाडावर जाई. आत अंधारात ती बेटं. प्रत्येक बेटावर कुणीतरी मधे बसलेलं, अंगाशी पोरं, हात घट्ट मिटलेले. निरोगी माणसात सेकंदाला वीसेक लाख नव्या लाल पेशी तयार होतात, असं वाचलं होतं. मी आकडे पडताळणारा, पण हा आकडा पडताळता येत नव्हता. तो बर्फासारखा नुसता पडत राही. मला वाटे, आपण फार हालचाल करू नये, आवाज करू नये. आतल्यांची भीती जाऊ द्यावी. कधीतरी एकेक मूठ उघडेल. कधी मलाही डुलकी लागे, आणि ती जागी होऊन माझ्याकडे बघत असे.

मार्चमध्ये दुखणाऱ्या बोटांनी तिला कपाची कडी धरता येऊ लागली. एप्रिलच्या रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन साडेदहा होतं. मी तो दोनदा वाचला आणि तारीख तपासली.

त्या संध्याकाळी ती कठड्याला हात लावून चढू लागली. मी एक पायरी मागे.

"मागे मागे येऊ नकोस. पडले तर दोघं पडू."

मधल्या वळणावर ती थांबली. मी तिचा श्वास ऐकत उभा राहिलो. मग ती पुन्हा निघाली. खोलीच्या दारात पोचल्यावर तिने दिवा लावला, पलंग बघितला, खिडकी बघितली.

"पडदे धुतलेच नाहीस ना एवढे दिवस?"

"नाही."

"उद्या काढू," ती म्हणाली आणि आपल्या बाजूला आडवी झाली.