लाल दोऱ्याचे तीन टाके

शाहूपुरीत कुणाला जुनी गाडी घ्यायची असली, की आधी इलाही कुशनवाल्याला बोलावणं जाई. धंदा त्याचा सीट शिवायचा. पण गाडी महापुरात बुडालेली आहे का, हे त्याच्या नाकाला कळे. काचा वर करून तो गाडी अर्धा तास उन्हात ठेवी, मग दार उघडून एक श्वास घेई. गाळ कितीही धुवा, तापला की बोलतो, असं तो म्हणे. मग सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढी. धुणारा वरचा हातभर पट्टा धुतो, आतला चिखल तसाच राहतो.

त्या दिवशी चंदगडचा कृष्णात बायकोला, क्रांतीला, घेऊन आला होता. आठवड्यातून दोनदा तिला डायलिसिससाठी गडहिंग्लजला न्यावं लागे. गेल्या पावसाळ्यात एसटी वाटेत अडकली आणि ती स्टँडवरच बेशुद्ध पडली. म्हणून ही गाडी. कृष्णातच्या पिशवीत हार आणि नारळही होता. गाडी विजयसिंहाच्या जुन्या गाड्यांच्या दुकानातली, तिथंच दारात उभी. इलाहीला निम्मं काम तिथूनच मिळे.

इलाहीनं दार उघडलं. कापराचा वास आला. बेल्ट स्वच्छ, अगदी नवे. सीटखालच्या बोल्टांना गंज नाही.

"मिस्त्री, मागं आडवी हून बघू का?" क्रांतीनं विचारलं आणि पाय दुमडून झोपलीसुद्धा. "मऊ हाय की ओ. आता येताना झोपून यीन."

इलाहीचा अंगठा सवयीनं सीटच्या खालच्या काठावरून फिरला आणि थांबला. त्यानं वाकून पाहिलं. लाल दोऱ्याचे तीन टाके. बापानं शिकवलेली खूण. प्रत्येक सीट इलाही स्वतः अशीच संपवी.

२०१९च्या महापुरानंतर विजयसिंहानं गोदामात बुडालेल्या अकरा गाड्या आणल्या होत्या. इलाहीनं त्यांच्या सीट शिवल्या, बेल्ट बदलले, बोल्ट बदलले. गिऱ्हाईक काय काय तपासतं हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? कापूर कुठं ठेवायचा, तेही त्यानंच सांगितलं. इंजिन आपलं काम नव्हे, अशी तेव्हा मनाची समजूत घातली होती.

"काय मिस्त्री, फोडायचा न्हवं नारळ?" कृष्णातनं पिशवीतून नारळ काढला तसा विजयसिंह हसत म्हणाला.

"वैनी, जरा खाली उतरा," इलाही म्हणाला. त्यानं पायाखालचं मॅट उपसून काढलं. खालच्या जाड थरातून वाळलेल्या गाळाची करडी भुकटी त्याच्या हातावर सांडली.

"पावणं, घिऊ नका. वायरिंग आतनं कुजलं आसणार. भर पावसात कुठंबी बंद पडंल."

विजयसिंहाचं हसू मावळलं. "सांगायलाईस तर समदं सांग की. ह्यो लाल दोरा कुणाचा?"

"माझा," इलाही म्हणाला. मान खालीच होती.

"उद्यापास्नं माझ्या दारात येऊ नगंस," म्हणून विजयसिंह आत गेला.

कृष्णातनं ती भुकटी बोटानं चाचपून पाहिली. "आशा किती शिवल्यासा?"

"अकरा."

"मग बाकीच्या धा कुठं हायत?"

इलाहीला ते ठाऊक नव्हतं.

क्रांतीनं बाहेर काढून ठेवलेला नारळ परत पिशवीत टाकला, नवऱ्याच्या खांद्याला धरलं, आणि दोघं सावकाश एसटी स्टँडच्या वाटेला लागले. दुसऱ्या दिवशी गडहिंग्लजची पाळी होती, आणि पश्चिमेकडं आभाळ भरून आलं होतं.